बुधवारचं जेवण

बुधवार, ४ सप्टेंबर

कंपनी दरवर्षी एक डायरी देते. आजवर तिच्यात मी फक्त लिफ्टचे नंबर लिहिले. कुठल्या इमारतीतल्या लिफ्टचा ब्रेक झिजलाय, कुठला दोर बदलायला झालाय, एवढंच. आज परतीच्या बसमध्ये पहिल्यांदा घरचं लिहितोय. तसं कारण काही नाही. मन जरा खालीवर होतंय, आणि घरी पाऊल टाकलं की ही खोदून खोदून विचारणार, म्हणून आठवतंय तोवर टिपून ठेवतो.

ही म्हणजे माझी बायको. सासूबाई खुब्याचं हाड मोडून आमच्याकडे अंथरुणाला खिळल्यात, त्यामुळे हिला घर सोडता येत नाही. म्हणून लेकीला भेटायला मीच जाणार, दर बुधवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी. जायला दोन तास, यायला दोन तास. लेक रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. या सुट्टीत ती घरी आलीच नाही, प्रयोगशाळेत काम आहे म्हणाली. म्हणजे आज चार महिन्यांनी बघितली.

मेनगेटसमोरच्या एका हॉटेलात नेलं तिने. भूमध्य समुद्राकडचं जेवण मिळतं म्हणे. आठ टेबलं, त्यातली दोन लंगडी. काउंटरपाशी उभं राहून बोट दाखवत जायचं: भात की पिटा म्हणतात ती रोटी, वाटलेल्या चण्यांचं हमस, काकडी-टोमॅटोचं सॅलड, चण्याचे तळलेले वडे म्हणजे फलाफल, भाजलेली कोंबडी, वरून लसणीचा सॉस नाहीतर तिळाचा. काचेमागे भट्टी आहे. आत टाकलेला पिटा टम्म फुगतो आणि बाहेर काढला की हळूहळू बसतो. ते बघत मी असा रंगलो की मागे पोरांची रांग खोळंबली. गल्ल्यावर मालकीणबाई, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्या म्हणाल्या, "बघा बघा, फुकट आहे बघणं."

लेकीला तिथलं सगळं तोंडपाठ. चणे किती तास भिजवायचे, लिंबू आधी पिळायचं की नंतर, कशात किती तेल. होस्टेलच्या मैत्रिणींना करूनही घालते म्हणे. मला बरं वाटलं. खाण्याची एवढी आवड लागलीय म्हणजे तब्येतीची काळजी नको. बारीक झालीय मात्र. विचारलं तर म्हणाली, "रोज सकाळी पळायला जाते बाबा." मग बरोबर आहे.

तिचं अर्ध्याहून जास्त ताट तिने माझ्याकडे सरकवलं. "मी सकाळी भरपूर खाल्लंय. तुम्ही एवढा प्रवास करून आलात, तुम्ही घ्या." बापाची काळजी करायच्या वयाची झाली पोर. दोन्ही ताटं मी चाटूनपुसून साफ केली.

एकच गोष्ट मनाला लागली. निघताना मी हाक मारली, "ए ढमी, छत्री राहिली." लहानपणी तिचे गाल असे गुबगुबीत होते की मीच हे नाव पाडलं, सगळ्या इमारतीत तेच चालतं. तर ही पोर पांढरीफटक पडली. खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, मला त्या नावाने हाक मारू नका. कधीच." आजूबाजूला तिच्या वर्गातली मुलं होती. मला वाटतं, तिला माझी लाज वाटली असावी. माझ्या शर्टाच्या बाहीवर ग्रीसचा डाग होता, तो मला नंतर दिसला.

गुरुवार, ५ सप्टेंबर

हिने रात्रीच विचारलं होतं, "काय खाल्लं तिने?" मी म्हटलं, "ताट लख्ख." खोटं काय त्यात? ताट लख्खच होतं. हिने सुस्कारा सोडला आणि सासूबाईंची कूस बदलायला गेली.

बुधवार, ११ सप्टेंबर

आज नवा शर्ट घालून गेलो.

जेवायच्या आधी ती मला चालवत घेऊन गेली. ग्रंथालय, मागचं मैदान, तळ्याभोवती पूर्ण फेरी. जेवल्यावर पुन्हा तीच फेरी. माझे पाय दुखायला लागले, पण म्हटलं, पोरीला बापाबरोबर चार पावलं जास्त चालावंसं वाटतंय तर चालू. रस्ता ओलांडताना तिचा हात धरला. बर्फ. ऊन असं होतं की माझ्या पाठीला घाम फुटलेला, आणि तिच्या अंगात जाड स्वेटर. हात गार असणं आमच्या घराण्यातच आहे, माझ्या आईचेही असेच असायचे.

ताटात तिने भात घेतला नाही. सॅलड, दोन चमचे हमस, एक पिटा. पिट्याचे नखाएवढे तुकडे केले. एक तुकडा हमसला नुसता टेकवायचा, परत ठेवायचा, काहीतरी बोलायचं, पाणी प्यायचं. बोलतेही छान. प्रयोगशाळेतल्या काट्यावर एका केसाचंही वजन करता येतं म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे वजन मोजायचं म्हणजे आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो, त्याच्यावर घंटा. ती हसली नाही. "एका माणसाचे अडुसष्ट धरतात?" म्हणाली. मी म्हटलं, हो. ती ताटाकडे बघत राहिली.

मग ताट माझ्याकडे आलं. फलाफल मी माझ्या हिशेबाचे घेतलेच होते, वर हे. बसमध्ये पँटचं बटण सैल करून बसलोय.

बुधवार, १८ सप्टेंबर

काहीतरी आहे. काय ते कळत नाही.

लिफ्टच्या डब्याच्या टपावर बसून वरखाली गेलं की कानाला कळतं, सगळं नीट चाललंय की कुठेतरी काही घासतंय. दिसत काही नसतं. आज तिच्यासमोर बसून तसं वाटत होतं.

आल्यापासून तिचं तीनदा घड्याळ बघून झालं. मी म्हटलं, "कोणी यायचंय का?" "नाही." "कोणी आहे का?" "म्हणजे?" "म्हणजे, मित्र वगैरे. असला तरी सांग, मी काही जुन्या काळातला नाही." ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मी परकी भाषा बोलत होतो. मग हसली. हसली की तिच्या गालाला दोन उभ्या रेघा पडतात. या कधी आल्या?

मित्र नसेल तर अभ्यास असेल. नापास झाली असेल आणि सांगत नसेल. नाहीतर मी आलेलं तिला आवडत नसेल. बसमध्ये या तिन्ही गोष्टी आलटून पालटून डोक्यात फिरतायत.

गल्ल्यावरच्या मालकीणबाई आज सारख्या आमच्याकडे बघत होत्या. दोन ताटं एकट्याने खाणारा माणूस बघायला मजा वाटत असेल.

शनिवार, २१ सप्टेंबर

हिचं आणि माझं वाजलं. ही म्हणते, फोनवर पोरीचा आवाज खोल गेलाय. मी म्हटलं, होस्टेलमध्ये रेंज नाही. "रेंजने आवाज तुटतो, खोल जात नाही," ही म्हणाली. "तुम्ही तिला दर आठवड्याला डोळ्यांनी बघता. खरं सांगा, खाते ना नीट?" मी म्हटलं, खाते म्हणजे काय, माझ्यासमोर खाते. हिने माझ्या पोटाकडे बघितलं. "तुम्हाला मात्र मानवलंय तिथलं जेवण." मी पट्ट्याला नवीन भोक पाडलंय, ते हिला दिसलं.

बुधवार, २५ सप्टेंबर

अक्षर वाकडं येतंय. बसमुळे नव्हे, रागाने.

लेक हात धुवायला गेली तेवढ्यात मालकीणबाई गल्ला सोडून माझ्या टेबलाशी आल्या. समोरच्या खुर्चीवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"भाऊ, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला."

"तुमची मुलगी रोज दुपारी येते इथे. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर. ताट घेते, पाऊण तास बसते, सगळं इकडचं तिकडे करते, आणि उठून जाते. ताट आहे तसंच. आधी मला वाटलं, माझ्याच जेवणात काही खोट आहे."

मी म्हटलं, "एकटीला जात नसेल. माझ्यासमोर तर जेवते."

"तुमच्यासमोर तुम्ही जेवता, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी बघते ना तिथून."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुम्ही तुमचं हॉटेल सांभाळा. गिऱ्हाइकाच्या ताटात बघायची पद्धत बरी नाही." असं मी कुणाशी कधी बोलत नाही.  त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि गल्ल्यावर जाऊन बसल्या. लेक परत आली आणि नेहमीसारखं ताट माझ्याकडे सरकवलं. मी खाल्लं. चव लागली नाही.

हिला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलंय. आधीच तिच्यामागे सासूबाईंचा व्याप.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

आज सहा मजली इमारतीत तळमजल्यावर 'दुरुस्ती चालू' ही पाटी लावायची विसरलो. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मी शाफ्टमध्ये, डबा वरखाली जातो त्या बोगद्यात, आणि बाहेर कोणीतरी दार ओढतंय. माझा जोडीदार वरून ओरडला म्हणून निभावलं. काही झालं नाही. मग पाटी लावली आणि पायरीवर बसलो.

जोडीदार म्हणाला, "लक्ष कुठे आहे तुझं?"

'तुमच्यासमोर तुम्ही जेवता.' दोन दिवस हेच कानात आहे. मोबाइलमधले फोटो काढून बघितले, मागच्या वर्षीचे आणि आत्ताचे. मग बंद केला. फोटोत माणूस कसाही दिसतो.

बुधवार, २ ऑक्टोबर

ठरवून गेलो होतो, आज तिच्या ताटाला हात लावायचा नाही.

तिने सरकवलं. मी म्हटलं, "नको, बसस्टँडवर खाल्लंय मी." खाल्लं नव्हतं. ती ताटाकडे बघत बसली. पिट्याचे तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले. हमस कडेने पसरून ठेवलं, म्हणजे कमी दिसावं. वीस मिनिटं गेली. भाजलेल्या वांग्यावरचं तेल ओघळून ताटाच्या कडेला साचलं.

"बाबा, मग हे कोण खाणार?"

"तू."

"मला नको आहे."

"दोन घास खा. माझ्यासाठी."

तिने वर बघितलं. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टचं दार मी फाकवतो तेव्हा आतल्या माणसांचे डोळे असे असतात. त्यांना आपण बोललेलं कळत नाही, फक्त बाहेर यायचं असतं. ती म्हणाली, "बाबा, प्लीज."  माझ्या पोरीला मी एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नाही, आणि तेही कशाला, तर वांग्याच्या फोडीला.

मी ताट ओढलं आणि खाल्लं.

लगेच मोकळी झाली. खांदे खाली आले, हसलीसुद्धा, मैत्रिणीची काहीतरी गंमत सांगितली. तळ्याभोवती दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत ती माझ्यापुढे चालत होती. मागून तिच्या पोटऱ्या बघितल्या. चालताना मी सारखा स्वतःला सांगत होतो, पळणाऱ्या मुलींच्या अशाच असतात.

हिला 'ताट लख्ख' म्हणालो. हिने नेहमीसारखा सुस्कारा सोडला नाही. "बरं," म्हणाली फक्त.

शनिवार, ५ ऑक्टोबर

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. लिहिलं नाही तर या भिंतीवर डोकं आपटेन.

सकाळी दहाला तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला. प्रयोगशाळेच्या जिन्यात पडली. कपाळाला खोक. शुद्धीवर आली तेव्हा पहिलं वाक्य म्हणे, "बाबांना कळवू नका."

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण शांत. नाडी मिनिटाला अडतीस. रक्तातली क्षारांची पातळी ढासळलेली. हृदयावर ताण आलाय. आजाराचं नाव सांगितलं, अ‍ॅनोरेक्सिया. मी कागदावर लिहून घेतलं. त्यांनी विचारलं, "घरातलं कोणी तिला जेवताना बघत होतं का?"

मी म्हटलं, "मी. दर बुधवारी."

"मग?"

"तिचं ताट मी संपवत होतो."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मलाच पहिल्यांदा ऐकू आलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "असं बऱ्याच घरांत होतं. हा आजार घरच्या सगळ्यांना आपल्या कामाला लावतो." मला धीर द्यायला म्हणाल्या असतील. मला काही धीर आला नाही.

मग हिला फोन. सगळं सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही तर म्हणालात, ताट लख्ख."

"मी खाल्लं."

"सगळं?"

"सगळं. दर वेळी."

फोन बंद झाला. मी तो हातात धरून बसलो. दहा मिनिटांनी हिचाच आला. आवाज कोरडा. "डॉक्टर काय म्हणाले ते पहिल्यापासून सांगा. एक शब्द गाळू नका."

मंगळवार, ८ ऑक्टोबर

एकदम खायला घालायचं नाही, त्यातही धोका आहे. थोडं थोडं, मोजून. दर चार तासांनी नर्स येतात. लेक माझ्याशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून असते. तिच्या हातांवर बारीक पांढरी लव आलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात चरबी उरली नाही की शरीर ऊब धरायला असं करतं. मला ती लव दिसली होती. पाच आठवडे समोर होती.

इथली तिसरी लिफ्ट थांबताना हिसका देते. ब्रेक तपासायला हवा. कोणाला सांगू?

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

नाडी बावन्न.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

इस्पितळातून सोडलं. रोज जवळ असावं लागेल म्हणून कॉलेजमागे एक खोली घेतली, एक खिडकी, एक शेगडी. मी पाच तारखेपासून महिनाभर रजा टाकलीय. जोडीदार म्हणाला, "तू नसलास तर त्या जुन्या लिफ्ट कोण बघणार?" मी म्हटलं, जिने आहेत.

डॉक्टरीणबाईंनी नियम लिहून दिलेत. दिवसातून तीन जेवणं, तीन मधली खाणी. समोर बसायचं. आपलं ताट आपण खायचं. तिच्या ताटातलं काहीही उचलायचं नाही, एक दाणासुद्धा नाही. 'किती छान खाल्लंस' म्हणायचं नाही, 'बघ, गाल आले' असं तर अजिबात नाही. राहिलं तर तेवढ्याच ताकदीचं पेय, पेलाभर. वजन दर सोमवारी, काट्याकडे पाठ करून, आणि आकडा तिला सांगायचा नाही. मलाही नाही.

पहिल्या जेवणाला एक तास वीस मिनिटं लागली. तिने मला जे जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. तुरुंगाचा शिपाई हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. मी माझा घास चावत बसलो. चावताना जबडा दुखतो हे मला माहीत नव्हतं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

आज रुमालात पिटा सापडला. काल बेसिनच्या मागे. मी सगळीकडे हात घालून बघतो, खिसे, उशी, कुंडीतली माती. मला स्वतःचाच तिटकारा येतो. बघितलं नाही तर जास्त येईल.

तिला बाहेर नुसतं चालायला जायचं असतं. जाऊ देता येत नाही. ती उभ्याउभ्या पाय हलवत राहते. मी म्हटलं, "बस ना जरा." ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, मला बसायचं नाहीये?"

या वाक्यावर दिवसभर विचार करतोय.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाहेर जेवायचाही सराव हवा. कुठे जायचं ते तिनेच ठरवलं. गेटसमोर.

 मालकीणबाईंशी मी कसा बोललो होतो ते आठवत होतं. आत गेलो तसा थेट गल्ल्यावर गेलो आणि म्हटलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही खरं बोललात. मी चुकलो." त्या म्हणाल्या, "बसा. गरम येतंय." एवढंच. पण लेकीकडे बघून त्यांचा हात क्षणभर गल्ल्यावरच राहिला.

ठरल्याप्रमाणे भात, हमस, कोंबडी. तेल वेगळ्या वाटीत. गर्दीत कोणाचं तरी ताट आमच्याकडे आलं आणि हमसवर मधोमध हिरवट तेलाचं तळं. लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. मी उठलो, बदलून आणतो म्हणून. ती म्हणाली, "नको. बदललं तर पुढच्या वेळी पुन्हा बदलावं लागेल."

आम्ही बसून राहिलो. तिने घास घेतला. डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून ताटात. शेजारच्या टेबलावरची मुलं परीक्षेबद्दल भांडत होती, त्यांना काही पत्ता नव्हता. दुसरा घास. मग ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्ही दर बुधवारी माझं खायचात, तेव्हा तुम्हाला कळत होतं?"

"नाही."

"मला वाटायचं, कळतंय. कळत असून तुम्ही माझ्या बाजूने आहात." तिने तिसरा घास चमच्यात घेतला. "म्हणून मी आठवडाभर बुधवारची वाट बघायचे."

 वाट बघायची! आणि मला वाटत होतं, तिला माझी लाज वाटते.

मी म्हटलं, "आता मी नाही खाणार तुझं."

"माहितीये." तिने नाक पुसलं. "म्हणून तर राग येतो तुमचा."

पन्नास मिनिटांत निम्मं ताट. बाकीच्याऐवजी मी पिशवीतून आणलेलं पेय पेल्यात ओतलं. ते तिने नाक मुरडत, पण पूर्ण प्यायलं. उरलेलं ताट मालकीणबाईंनी स्वतः उचललं आणि त्याकडे न बघता आत नेलं.

रात्री हिला फोनवर सगळं सांगितलं, तेलासकट.  ही म्हणाली, "मी येते. आईला भाऊ नेईल. मी सांगितलंय त्याला, विचारलेलं नाही."

रविवार, ३ नोव्हेंबर

ही आली. दारात लेकीला बघितलं, जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. हिचा हात मणक्यावरून खाली सरकत गेला तसा हिचा चेहरा मला दिसत होता, लेकीला दिसत नव्हता. "चहा टाकते," म्हणून ही शेगडीकडे वळली. नळ पूर्ण सोडला आणि पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. बराच वेळ नळ वाहत होता.

संध्याकाळी मी हिला सगळे नियम समजावून दिले. शेवटी ही म्हणाली, "अहो, बास. मी आई आहे तिची." मी म्हटलं, "मी बाप होतो." 

रजा संपली, उद्या निघायचं. मला भीती वाटतेय. हिला दया येईल आणि ही सोडून देईल. किंवा दया येणार नाही आणि दोघी एकमेकींचं तोंड बघणार नाहीत. डॉक्टरीणबाईंना विचारलं, किती दिवस लागतील? त्या म्हणाल्या, "दिवस नाही. वर्ष धरा. मधे घसरेलही." असं तोंडावर सांगणारं माणूस बरं. पण रात्र सरत नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

कामावर. हिचा फोन: लेकीने सकाळचं दूध बेसिनमध्ये ओतलं, हिने दुसरा पेला भरून समोर ठेवला, तो अकरा वाजेपर्यंत तिथेच होता. शेवटी प्यायली. कोण जिंकलं, असं मी विचारलं. ही म्हणाली, "हा खेळ आहे का?"

शनिवार, ९ नोव्हेंबर

फोन नाही. मी केला तर हिने "नंतर करते" म्हणून ठेवला. मागे रडण्याचा आवाज होता. कुणाचा, कळलं नाही. दिवसभर हातातला पाना तीनदा पडला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

सुट्टी आहे, पण सुट्ट्या संपवल्यामुळे आज कामावर जावं लागलं. नऊ मजली इमारत. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे डबा थांबवून मी टपावर बसलो होतो. यावेळी पाटी नीट लावली होती, दोनदा बघितली होती. दोराला तेल देत होतो तेवढ्यात खिशात फोन वाजला. लेकीचा. गेल्या दोन महिन्यांत तिने आपणहून मला एकही फोन केला नव्हता.

 ग्रीसच्या हाताने फोन कानाला लावला. "काय झालं? आई कुठेय?"

"आई इथेच आहे. बाबा, तुम्ही हिला जरा समजावा." आवाज मोठा, चिडलेला. "आम्ही गेटसमोर बसलोय. कागदावर लिहिलंय एक पिटा. ही म्हणते, इथला पिटा छोटा आहे, सव्वा घे! सव्वा कसला? असं कुठे लिहिलंय?"

मागून हिचा आवाज, "छोटाच आहे तो, विचार मालकीणबाईंना!" त्यांच्याही मागून मालकीणबाई, "मला मधे घेऊ नका, माझे पिटे सगळे एका मापाचे!"

"ऐकलंत?" लेक म्हणाली. "ऐकलंत ना? आणि हिने मला न विचारता तिळाचा सॉस..."

"तू काल म्हणालीस, चालेल!"

"काल म्हणाले होते! आज म्हणाले का?"

दोघी भांडत होत्या. फोन बहुधा टेबलावर ठेवला होता, ताटांचे, खुर्च्यांचे आवाज येत होते. हिचा आवाज चढलेला, तिचा त्याहून चढलेला. आमच्या घरात अशी भांडणं रोज व्हायची, कपड्यांवरून, कपाटावरून. ती कधी थांबली ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग एकदम शांतता. मी शाफ्टमध्ये अंधारात ताठ बसलो. उठून गेली का? रडतेय का? मी ओरडलो, "हॅलो? काय झालं? बोल ना! अगं, कोणीतरी बोला!" माझा आवाज नऊ मजले घुमला.

फोन उचलल्याची खरखर झाली. आणि तिचा आवाज आला, जाडसर, अडखळता, त्रासलेला:

"थांबा ना बाबा. तोंडात घास आहे."

मी थांबलो. खाली कोणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं, पुन्हा पुन्हा दाबत होतं. म्हटलं, दाबू दे.